चूकसुद्धा त्यांचीच हवी

आमच्या लायब्ररीत कुठली चूक कधी सापडली, कोणी दुरुस्त केली, सगळं नोंदलेलं आहे. किस्से मात्र कुणीच नोंदले नाहीत. शिरीषकाका गेल्यापासून मी वसुधाकाकूंना भेटायला लंडनजवळ पिनरला जातो, तेव्हा एकातून दुसरा निघत जातो आणि चहा गार होतो.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅमरला लागणारे तयार सुटे भाग: बटण, यादी, तारीख. एका बड्या कंपनीची अशी लायब्ररी फक्त तिच्याच सिस्टिमवर चालायची आणि आतला कोड कुलपात. आम्ही तिघं तशीच दुसरी बनवत होतो, सगळ्यांना खुली, कुठल्याही मशीनवर चालणारी. रिटायर झालेले काका, लीड्सहून येणारी, इथेच जन्मलेली नेहा आणि मिल्टन कीन्सचा मी. शनिवारी, काकांच्या डायनिंग टेबलवर.

*

मूळ लायब्ररी तारखा मोजताना एक दिवस चुकायची. नेहाने आमच्यात ते सुधारलं. सोमवारी एका हॉस्पिटलच्या लॅबमधून ईमेल: "तुमची लायब्ररी घेतल्यापासून आमचे सगळे पेशंट एका दिवसाने मोठे झालेत!" त्यांचा प्रोग्रॅम ती चूक धरूनच लिहिलेला.

"बट इट्स राँग, काका!" नेहा चिडली.

"चूकसुद्धा त्यांचीच हवी. आपला शहाणपणा नको."

नेहाने अख्खा शनिवार बसून बरोबर कोड चुकीचा केला. टेस्ट पास झाली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या!

*

मग कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. तुम्ही आमचा कोड चोरलात, पुरावा सोबत. पुरावा म्हणजे त्यांच्या कोडमधल्या सात ओळी. त्यांच्या मधोमध काकांनी आमच्या कोडमध्ये स्वतःसाठी मराठीत लिहिलेली टीप: 'आई गं, हे चालतंय कसं?'

काकांनी उत्तरात एवढंच विचारलं, "ही ओळ तुमच्यापैकी कोणाची?"

पुन्हा पत्र आलं नाही. पण काकू पुढे वर्षभर पोस्टमन दिसला की दार उघडायच्या नाहीत.

*

नेहाची नोकरी गेली. सहा महिने हिंडून दुसरी मिळाली, ती नेमकी अशा ठिकाणी, जिथे त्या कंपनीचा मूळ कोड रोज समोर. आमचा नियम कडक होता: ज्याने मूळ कोड पाहिला, त्याने आमच्यात एक ओळही लिहायची नाही, काही सुचवायचंही नाही; नाहीतर चोरीचा आरोप खरा ठरेल.

"काका, माझा नोकरी लागला," फोनवर म्हणाली आणि रडायलाच लागली.

"माझी नोकरी लागली," काका म्हणाले. "अभिनंदन. आता कोडला हात लावायचा नाही."

तरी यायची. काकूंबरोबर मटार सोलत बसायची. एकदा आम्ही दोघं तीन आठवडे एका गोष्टीवर अडकलो होतो. शेवटी मी एक अंदाज बोलून दाखवला. काका ओरडले, "नेहा, गार्डनमध्ये जा! तुझा चेहरा सांगतोय!"

ती बिचारी पावसात जाऊन उभी राहिली. आणि तो अंदाज आम्हाला वापरता येईना!

*

काकांच्या हातून आधी कप सुटायला लागले, मग शर्टाची बटणं लागेनात. मोटर न्यूरॉनचा आजार. कन्सल्टंटने सावकाश समजावलं: एकेक स्नायू थांबत जाईल, डोकं शाबूत राहील.

"म्हणजे सपोर्ट बंद, प्रोग्रॅम चालू," काका म्हणाले.

काकू हसल्या. कार पार्कपर्यंत हसत होत्या. गाडीत बसल्यावर मात्र मला रेडिओ लावावा लागला.

*

पुढे आवाजही गेला. क्लिनिकने मशीन दिलं. डोळ्यांनी अक्षरं निवडायची, मशीन बोलणार. ते बिघडलं, नवं यायला कित्येक आठवडे. त्यातला प्रोग्रॅम त्याच बड्या कंपनीच्या लायब्ररीवर चालणारा. तो मी आमच्या लायब्ररीवर, काकांच्या जुन्या लॅपटॉपवर चालवला. चालला! पण तीन-चार शब्दांच्या पुढे वाक्य गेलं की बंद पडायचा. महिनाभर काका फक्त "पाणी", "पाठ", "बास" एवढंच बोलत होते.

चूक शोधली, तर ती ओळ काकांनीच लिहिलेली. त्यांच्यासमोर बसून दुरुस्त केली. "काका, आता लांब वाक्य टाकून बघा."

दहा मिनिटं काकांचे डोळे अक्षरांवर फिरत होते. काकू चमच्याने चहा भरवायला थांबलेल्या. मग लॅपटॉप बोलला, त्या सपाट आवाजात:

"वसुधा, माझ्याशी लहान बाळाशी बोलल्यासारखं बोलू नकोस, आणि चहात दोन चमचे साखर घाल, मी आता काही डायबेटिसने मरत नाही!"

काकू कप घेऊन उठल्या. किचनमधून ओरडल्या, "दोन नाही, एकच मिळेल!"