चढताना हळू, उतरताना लगेच

आमची पोस्ट बर्फात होती आणि तिथं चढायचा एकच कायदा होता: हळू. खालच्या कॅम्पवर थांबायचं, अंगाला विरळ हवेची सवय होऊ द्यायची, मगच वर जायचं. घाई केली की फुप्फुसात पाणी होतं, हे नव्या जवानालाही पाठ असायचं. तो कायदा माझ्या अंगात इतका मुरला, की पेन्शनवर रहिमतपूरला आल्यावरही मी सगळं हळूच करतो. बायको त्यावरून चेष्टा करते.

गेल्या वर्षी सांगलीच्या डॉक्टरांनी माझा पाय तपासला. "बिडी आजच बंद. नाहीतर पाय कापावा लागेल."

मी घाबरलो, पण वाद घातलाच. "एकदम नको, सर. रोज थोडी थोडी कमी करतो."

"नसा आक्रसल्यात, सुभेदारसाहेब. पायाला तेवढा वेळ नाही."

घरी येऊन मी माझाच प्लॅन लावला. जेवणानंतरची ठेवली, बाकीच्या तोडल्या. चार दिवसांत चहानंतरची परत आली. अंगठा काळा पडत चालला होता. सारखा मोजा काढून बघायचो, छातीत धडधडायचं, आणि धडधडलं की पुन्हा बिडीच हवीशी वाटायची.

परसात बायकोनं पकडलं.

"एवढी ओढू दे. उद्यापास्नं एक कमी," मी म्हणालो.

"आवं, दत्ताभावजी बी उद्याच म्हणलं हुतं न्हवं?"

तोंडाशी नेलेली बिडी मी खाली घेतली. नाईक दत्ता मेढ्याचा, पोस्टवरचा माझा बडी, म्हणजे जोडीदार. नियमानं हळूहळू चढूनही त्याला खोकला लागला, ओठ निळे पडले. रेडिओवर खालून हुकूम आला.

"पेशंट को अभी नीचे लाओ. रुको मत. ओव्हर."

दत्ता हसला. "गड्या, जरा बरं वाटतंय. उद्या उतरू."

आम्ही ऐकलं नाही. तो नको नको म्हणत असताना स्ट्रेचरला बांधून लगेच काढला. वाटेत वादळानं गाठलं. कॅम्पवर पोचलो तेव्हा त्याचा श्वास थांबला होता.

"चढायचं हळू, पन आजारी मानूस लगीच खाली आनायचा, हे तुमीच सांगता," बायको म्हणाली. "मग आता कशाची वाट बघताय?"

मी बिड्यांचं बंडल पेटत्या बंबात टाकलं. पुढचे दिवस फार वाईट गेले. घरात कुणाशी धड बोलवत नव्हतं. अखेर अंगठा गेला, पाय वाचला.

यंदा दत्ताच्या श्राद्धाला मेढ्याला गेलो. त्याच्या घराला चढ आहे. हळूहळू चढलो.

"दमलास का रं?" त्याच्या आईनं विचारलं.

"न्हाई, आई."

फोटोतला दत्ता अजून पंचविशीतच आहे. त्याच्यासमोर मी दोन्ही पायांवर सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला.