नापास वर्षाचा वेगळा कागद

शैक्षणिक निकाल दुबळा असेल, तर परदेशात पीएच.डी.साठी अर्ज करताना तो झाकावा की आपण होऊन दाखवावा? महाराष्ट्र राज्य नवे होते आणि मी मेहकरला शाळेत विज्ञान शिकवीत होतो, त्या काळी हा प्रश्न माझ्यापुढे आला.

माझी बी.एस्सी. तृतीय श्रेणीतली, तीही मधले एक वर्ष नापास होऊन. एम.एस्सी.ला द्वितीय श्रेणी मिळाली होती. पहिल्या दोन अर्जांना मी नापास वर्षाची गुणपत्रिका जोडलीच नाही. दोन्ही विद्यापीठांनी एकच विचारणा केली : मधल्या वर्षी आपण काय करीत होता? मी उत्तर लिहिले नाही. परदेशी शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीची वयोमर्यादा मी पुढच्या वर्षी ओलांडणार होतो.

सुटीत गावी गेलो. वडील भाजीपाला पिकवीत आणि जवळच्या बीबी गावच्या आठवडी बाजारात विकीत. त्या आठवड्यात मीही त्यांच्याजवळ बसलो. किडकी वांगी निवडून ते त्यांचा वेगळा ढीग पुढेच मांडत. मी तो हळूच मागे सरकवला.

"काऊन रे, दडवून राह्यला?"

"लोक पाहतात, बाबा."

"पाहू दे ना. दडवलं त गिऱ्हाईक सारं टोपलं उलथून पाह्यते. मास्तर झाला, पण बाजार नाही आला तुले."

शेजारची भाजीवाली हसली. मला हसू आले नाही.

मेहकरला परतल्यावर उरलेल्या तीन अर्जांना मी एक स्वतंत्र कागद जोडला. त्यावर आजारपणाचे कारण देणे सोपे होते. मी लिहिले, की इंग्रजीतली व्याख्याने मला समजत नव्हती, आणि समजत नाहीत हे मी वर्षभर कुणालाही सांगितले नाही. त्याखाली, ज्या विषयात नापास झालो होतो, त्याच विषयाचे एम.एस्सी.चे गुण लिहिले.

दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या विद्यापीठाने पूर्वपरीक्षेच्या अटीवर प्रवेश दिला. त्या पत्रात नापास वर्षाबद्दल एकही प्रश्न नव्हता. मी ते वडिलांना मराठीत सांगितले. ते म्हणाले, "परीक्षा हाये म्हणते ना? मंग आता समजलं नाही त इचारजो."

दाखवावा, हे माझे उत्तर. परंतु पाच अर्जांवरून नियम ठरत नाही, असे मीच वर्गात शिकवीत आलो आहे. आपला एखादा जुना अर्ज काढा, त्यात काय गाळले होते ते पाहा, आणि हे उत्तर स्वतः तपासून घ्या.