खुलाशाचा पहिला परिच्छेद

अलका आष्टीकरचा दिवस चौदा वर्तमानपत्रांनी सुरू व्हायचा, आणि त्यातली तेरा तिच्या मते हातात धरायच्याही लायकीची नव्हती. गेली एकतीस वर्षं ती दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या कात्रण कक्षात होती. गाझियाबादच्या घरून पहाटेच निघायचं, मेट्रो बदलायची आणि साडेसातला टेबलाशी हजर. मंत्रालयाबद्दल कुठे काय छापून आलंय ते कापायचं, कोऱ्या कागदावर डकवायचं, बातमी चांगली असेल तर हिरवी चिठ्ठी लावायची, वाईट असेल तर लाल. नऊच्या ठोक्याला फोल्डर साहेबांच्या खोलीत. हल्ली सगळं मोबाइलवर येतं, फोल्डर उघडतं कोण, असं कक्षातली नवी मुलं विचारायची. अलका त्यांना डिंकाची बाटली इकडे सरकवा म्हणायची आणि कात्री उचलायची.

ह्या नोकरीने तिला एक नजर दिली होती. कागद कुठे आणि का कापलाय, हे तिला लांबूनही कळायचं. आणि एक शिस्त दिली होती, खुलासा लिहायची. तिचे पहिले साहेब अंबादास कुलथे यांनी ती अक्षरशः घोटून घेतली होती. खोट्या बातमीला उत्तर लिहिताना पहिल्या परिच्छेदात ती बातमी जशीच्या तशी उतरवायची, आपलं उत्तर दुसऱ्यापासून. "आधी त्यांचं म्हणणं पुरतं मांडा आष्टीकर, मग त्याच्या चिंध्या करा," असं ते म्हणायचे. कुलथे निवृत्त होऊन पुण्याला गेले, पण अलकाच्या हातून पुढचा एकही खुलासा वेगळ्या रीतीने सुरू झाला नाही.

रविवार मात्र हिंडन रोव्हर्सचा. हा गाझियाबादचा फुटबॉल क्लब, तिसऱ्या डिव्हिजनमधला. तिचा मुलगा चैतन्य शाळेत असताना त्यांच्या ज्युनियर संघात होता. मुलगा बेंगळुरूला नोकरीला गेला, त्याचं फुटबॉल सुटलं, आईचं नाही सुटलं. मैदानाच्या एका बाजूला सिमेंटच्या चार पायऱ्या होत्या, त्यावर चाळीसेक माणसं जमायची. अलका सगळ्यांची आंटी. एरवी ऑफिसात आवाज न चढवणारी ही बाई तिथे रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, तोही शुद्ध गाझियाबादी हिंदीत, आणि सोमवारी घसा बसलेला घेऊन कामावर यायची.

क्लबबद्दल छापून यायचं ते बघून तिला उबग येई. दोन ओळी. स्कोअर चुकीचा, फोटो भलत्याच संघाचा. एकदा तर हरलेल्या सामन्याचं अभिनंदन छापून आलं होतं. तरी ती तेही कापायची, घरच्या वेगळ्या वहीत डकवायची. लाल चिठ्ठ्यांनी वही जाडजूड झाली होती.

संघाचा गोलकीपर होता इंद्रजित. तो तिच्याच सोसायटीतला, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रभाचा मुलगा, तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला. "अगं मावशी, भूक लागली," असं म्हणत तिच्या घरात शिरणारा. वय सव्वीस. केंद्राच्या एका खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून भरती होती. त्याच्या चाचण्या झाल्या होत्या, मुलाखत झाली होती, फक्त अंतिम यादी लागायची होती. पुढच्या भरतीपर्यंत तो वयात बसणार नव्हता. प्रभाने यादी लागेपर्यंत गोड खाणं सोडलं होतं.

आणि तो सामना आला. बरोबरी झाली तरी रोव्हर्स वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार होते. शेवटची तीन मिनिटं उरली होती. समोरच्या पोराने पंचवीस यार्डांवरून एक मरतुकडा फटका मारला. चेंडू घरंगळत आला, इंद्रजित निवांत खाली वाकला, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर चेंडूने अचानक उसळी घेतली, त्याच्या खांद्यावरून उडाला आणि जाळ्यात गेला.

सामना संपल्यावर सगळे खाली उतरले आणि गोलपोस्टपाशी गेले. कारण तिथेच होतं. आदल्या आठवड्यात मैदान लग्नाला दिलं होतं. तंबूवाल्याने बांबू उपटून नेले आणि खड्डे तसेच ठेवले, वरून नुसती भुरभुरीत माती. अलकाने सँडल काढून एका खड्ड्यात पाय घातला तर तो घोट्यापर्यंत आत गेला. इंद्रजित ग्लोव्ह्ज न काढता खाली बसला होता. "मावशी, मला दिसलाच नाही गं," एवढंच तो म्हणाला.

बातमी दुसऱ्या दिवशी एका वेब पोर्टलवर आली. ते आधी जमिनीचे सौदे आणि बाबालोकांचे चमत्कार दाखवायचं, आता खेळही दाखवू लागलं होतं. कुणाच्या तरी मोबाइलमधला व्हिडिओ हळू करून लावला होता, इंद्रजितभोवती लाल गोल, आणि मथळा, "गोलकीपर ने जान-बूझकर गोल छोड़ा?" शेवटी ते प्रश्नचिन्ह. स्वतःच्या अंगाला काही लागू नये म्हणून ठेवलेलं. अलकाने मेट्रोत ते बघितलं आणि तिला शिसारी आली. लिहिणारा मैदानावर नव्हता, चाळिसातल्या एकालाही त्याने विचारलं नव्हतं, पण खाली मजेत लिहिलं होतं, "फैंस में भारी आक्रोश."

आक्रोश होताच, पण वेगळ्या कारणाने. संध्याकाळी मैदानाबाहेरच्या चहावाल्याकडे सगळे जमले. घोषबाबू म्हणून एक निवृत्त बँकवाले होते, तीस वर्षं त्याच पायरीवर बसणारे. त्यांनी मोबाइल टेबलावर असा आपटला की चहा सांडला. "थू! ये लोग गड्ढा नहीं दिखाएगा," ते म्हणाले. "आंटीजी, आप लिखिए. सरकारी आदमी हैं, आपका लिखा मानेगा." सगळ्यांनी माना डोलावल्या. अलकाने पिशवीतून कागद काढला. खरं सांगायचं तर ती मनातून फुलली होती. एकतीस वर्षं मंत्र्यांसाठी खुलासे लिहिले, आज आपल्या माणसासाठी लिहायचा होता.

तिने तो मन लावून लिहिला. विषय, संदर्भ, दिनांक. पहिल्या परिच्छेदात पोर्टलची बातमी, मात्र प्रश्नचिन्हाची पळवाट काढून टाकून, सरळ त्यांना जे म्हणायचं होतं ते: "समाचार में कहा गया है कि गोलकीपर इंद्रजित ने जान-बूझकर गोल छोड़ा और समर्थकों का विश्वास तोड़ा." दुसऱ्या परिच्छेदापासून चिंध्या. खड्डा किती खोल, बांबू कधी उपटले, कोणी कोणी बघितलं. शेवटी अडतीस सह्या, सगळ्यात वर तिची. घोषबाबूंनी वाचून दोन्ही हात जोडले. रात्रीचं जेवण व्हायच्या आत तिने तो स्कॅन करून पोर्टलला पाठवला आणि प्रभालाही फोन करून सांगितलं, "काळजी करू नकोस, बघ आता कसे सुतासारखे सरळ होतात."

सकाळी पोर्टलवर नवा मथळा होता. "फैंस ने भी माना!" खाली तिच्या पत्राचा फोटो. तिच्या कागदावरची पहिली ओळ "कहा गया है कि"वर संपत होती. तिथेच कापलं होतं. दुसऱ्या ओळीपासून सुरुवात, "गोलकीपर इंद्रजित ने जान-बूझकर गोल छोड़ा और समर्थकों का विश्वास तोड़ा," आणि त्याच्या लगेच खाली, मधला दीड पानांचा मजकूर गायब करून, अलका आष्टीकरची ठसठशीत सही.

ती टेबलाशी बसून बघतच राहिली. रागाच्याही आधी तिला दिसलं ते हे की कापणाऱ्याचा हात सफाईदार होता. फोन लावला. पलीकडचा माणूस गोड होता. "मैम, शब्द तो आपके ही हैं. हमने एक अक्षर नहीं बदला."

"अरे, पर वो तो आपका लिखा हुआ..."

"साइन आपका है मैम. आप चाहें तो इस पर भी खंडन भेज दीजिए, हम चला देंगे."

तिने फोन ठेवला. त्याला तिचा आणखी एक खुलासा हवा होता, हे ऐकून तिला हात धुवावेसे वाटले, आणि ती खरंच उठून हात धुऊन आली. तिसऱ्या दिवशी चौदातल्या एका वर्तमानपत्राने पोर्टलचं उचलून चार ओळी छापल्या, आतल्या पानावर, तिच्या नावासकट. मंत्रालयाशी त्याचा संबंध नव्हता, तरी सवयीने हात चालला आणि तिने तो चौकोन कापला. मग डिंकाचा ब्रश हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली. स्वतःच्याच नावाला लाल चिठ्ठी कशी लावतात, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती प्रभाकडे गेली. दार प्रभाने उघडलं, पण बाजूला सरली नाही. इंद्रजित आतून आला. भरतीच्या खात्यातून फोन आला होता, सात दिवसांत लेखी स्पष्टीकरण द्या म्हणून. त्यांच्या फाइलला ते कात्रण लागलं होतं.

"मी लिहून देते," अलका घाईने म्हणाली. "आत्ता बसून लिहिते. असं कडक लिहिते ना, की..."

"नको. तुम्ही काही लिहू नका," इंद्रजित म्हणाला.

जन्मापासून तिला अगं-तुगं करणारा मुलगा. अलकाच्या कानात तो "तुम्ही" कितीतरी वेळ वाजत राहिला.

"इंद्रा, ते त्यांनी कापलंय रे. मी पुढे सगळं लिहिलं होतं. दीड पान."

"वाचलं मी. घोषअंकलनी पाठवलं." तो चिडला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "पण यार मावशी, पहिलं वाक्य कशाला लिहिलंत? मी गोल सोडला, हे तुमच्या हाताने लिहायची गरज काय होती?"

कुलथेसाहेबांचा नियम तिच्या ओठांवर आला आणि तिथेच तिला त्याची लाज वाटली. एका सव्वीस वर्षांच्या मुलाला ती काय सांगणार होती, की अशी पद्धत असते? ती जिना उतरून घरी आली. वहीतल्या लाल चिठ्ठ्या तिने एकेक करून उपटल्या आणि केराच्या बादलीत टाकल्या. बरं काही वाटलं नाही.

यादी महिन्याने लागली. अकरा नावं होती, इंद्रजितचं नव्हतं. त्याच्या स्पष्टीकरणाला खात्याने उत्तरही दिलं नाही. प्रभाने दुसऱ्याच दिवसापासून चहात साखर घालायला सुरुवात केली, आणि अलकाला ते तिच्या कामवालीकडून कळलं, कारण प्रभा आता जिन्यात भेटली तर घाईत असायची.

नव्या मोसमाचा पहिला रविवार आला. शुक्रवारी मैदानावर पुन्हा लग्न झालं होतं. सामन्याला दीड तास असताना अलका एकटीच पोचली, हातात बाल्कनीतल्या कुंड्यांमधून काढलेल्या मातीची पिशवी. गोलपोस्टपुढे ती गुडघ्यांवर बसली, एकेक खड्डा चाचपून माती भरू लागली, तळव्याने ठोकू लागली. साडीची वाट लागली होती. थोड्या वेळाने तिच्या शेजारी बूट दिसले. इंद्रजित होता.

"तो नाही," तो म्हणाला. जरा डावीकडे बोट दाखवलं. "तो." आणि ग्लोव्ह्ज आणायला निघून गेला.

अलका सरकली. तोच हा खड्डा. पुन्हा बांबू तिथेच रोवला होता, पुन्हा तसाच सोडला होता. ती पिशवीत हात घालणार, इतक्यात मागून आवाज आला. "आंटी, नमस्ते! पहचाना?"

आवाज ओळखीचा होता, फोनवरचा तोच गोडवा. तिशीतला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पोर्टलचं नाव लिहिलेला माइक, मागे कॅमेरावाला. इंद्रजितचं नाव यादीत नाही, त्यावर फैंसची प्रतिक्रिया हवी होती त्याला. "देखिए, आपको शिकायत थी ना? आज आपकी बात रखेंगे, बिल्कुल. बस एक लाइन बोल दीजिए: इंद्रजित ने गोल नहीं छोड़ा."

तिने तोंड उघडलं होतं. वाक्य खरं होतं, सरळ होतं, इतके दिवस छातीत अडकलेलं होतं. आणि मग तिला दिसलं की कात्री कुठे चालेल. मधला एकच शब्द उडवायचा, पापणी लवायच्या आत. उरलेलं सगळं तिच्याच तोंडचं असेल.

"कॅमेरा बंद करो," ती म्हणाली.

"आंटी, बस एक..."

"बंद करो, फिर बताती हूँ. सब बताती हूँ."

माणसाचे डोळे चमकले. त्याने मागे खूण केली, कॅमेरा खाली आला, आणि तो काहीतरी खासगी ऐकायला मिळेल ह्या आशेने तिच्याशेजारी उकिडवा बसला. अलकाने त्याचं मनगट पकडलं आणि हात खड्ड्यात घातला. तो ओढू लागला तशी तिने दुसरा हातही लावला आणि वरून सगळा भार दिला. पांढरी बाही मातीत गेली, हात मनगटाच्या वर आत गेला, तरी खाली तळ लागेना.

"बोल, कितना गहरा है?"

"आंटी, छोड़िए... क्या कर रही हैं आप? कॅमेरा तो बंद है!"

"ठाऊक आहे मला," अलका मराठीत म्हणाली, आणि तिने हात सोडला नाही.