विसरभोळी गाडी

भिंगरी हे नाव त्याला त्याच्या ताईनंच ठेवलं होतं. जेवता जेवता हा उठून दिव्याचं बटण दाबून यायचा, अभ्यासाला बसला की पेनाची स्प्रिंग काढून ठेवायचा आणि मग घरभर ती शोधत फिरायचा. पुढे तो गाड्यांचा मेकॅनिक झाला तेव्हा घरातल्या घड्याळांनी आणि रेडिओनं सुटकेचा निःश्वास टाकला म्हणतात.

वय वाढलं, टक्कल पडलं, पण भिंगरी काही थांबली नाही. चहा उभ्यानेच, दोन घोटांत. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की त्याचं वाक्य निम्म्यावर असतानाच ह्याचं बॉनेट उघडलेलं. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा, त्यामुळे ही खोड मोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. तेवढी एक ताईची गाडी मात्र त्याला पुरून उरली.

गाडी त्यांच्या वडिलांची. जुनी, चौकोनी तोंडाची, हँडब्रेक ओढला की म्हाताऱ्या माणसासारखी कण्हणारी. वडील गेल्यावर ती ताईकडे आली. ताई शिवणकाम करायची, आणि दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागायचं. तिथे रक्त धुणाऱ्या यंत्राला दाजी चार तास जोडलेले असायचे. वेळ चुकली तर खाट दुसऱ्याला जाते, आणि मग दाजींचे पाय सुजतात, श्वास लागतो. तर अशा माणसाला घेऊन निघालेली गाडी अलीकडे भर रस्त्यात बंद पडायला लागली होती.

"झटके नाही देत रे," ताईनं पहिल्यांदाच सांगितलं होतं. "विसरते. बोलता बोलता माणूस शब्द विसरतो ना, तशी. कडेला घेतली, किल्ली फिरवली, की पुन्हा जसं काही झालंच नाही."

भिंगरीनं हे ऐकलं नाही. म्हणजे कानावर पडलं, पण तोवर त्याचं डोकं बॉनेटखाली गेलेलं होतं.

ठिणगी चुकीच्या वेळी पडत असणार, असं त्यानं धरलं. जुन्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा करतो. कोणत्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची ते तो ठरवतो. भिंगरीनं पद्धतशीर तपासलं. डब्याला जोडलेली रबराची नळी काढली, तिच्या तोंडात स्क्रू खुपसला, ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट लावला. ती नळी काढल्याशिवाय टायमिंग बघायचं नसतं, हे त्याच्या उस्तादानं त्याच्या डोक्यात टपल्या मारमारून बसवलेलं. पुलीवरची खूण प्रकाशात खिळा ठोकल्यासारखी स्थिर दिसली. मग त्यानं नळी परत लावली आणि गाडी रस्त्यावर काढली. ह्याचं गाडी चालवणं म्हणजे पाय एकतर ॲक्सिलरेटरच्या पोटात, नाहीतर ब्रेकवर. मधलं काही ह्याच्या पायाला माहीतच नाही. गाडी बाणासारखी पळाली.

पुढच्याच खेपेला ती ताईच्या हातात बंद पडली.

मग पॉइंट बदलून झाले, कंडेन्सर बदलून झाला, कॉइल, प्लग, पेट्रोलची जाळी, सगळं झालं. दर वेळी भिंगरी गाडी पळवून बघायचा, दर वेळी ती पळायची, आणि दर वेळी ताईला दगा द्यायची. त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. दुसऱ्याच्या गाडीचा टायर काढता काढता उठून ताईच्या गाडीशी जाऊन उभा राहायचा, उगाच एखादी वायर हलवायचा. झोपेतही त्याचे पाय चालायचे, अशी बायकोची तक्रार होती.

आणि एके दिवशी ताई पुन्हा गाडी घेऊन आली तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, की गाडीला काही झालेलं नाही, तुला चालवता येत नाही.

ताईनं किल्ली उचलली आणि गेली. दोन आठवडे तिचा फोन नाही. मग दाजींकडून कळलं, की गाडी घ्यायला सोमवारी एक माणूस येतोय. सुटे भाग काढून विकणारा. पुढे दवाखान्याचं कसं, तर शेजाऱ्याच्या हातापाया पडून. दाजी फोनवर हसत म्हणाले, की मला काय, मी कुठल्याही गाडीत बसूनच जाणार. पण वडिलांची गाडी तुकड्यातुकड्यांनी जाणार, दाजी शेजाऱ्याच्या सवडीवर राहणार आणि ताई आपल्याशी बोलत नाही, ह्या तिन्ही गोष्टींपायी भिंगरीनं त्या दिवशी एकच नट चारदा आवळला आणि चारदा सोडला.

शनिवारी सकाळी तो ताईच्या दारात उभा. मी येतो बरोबर, म्हणाला. चालवायचं मी नाही. तू चालव.

"तोंड बंद ठेवणार असशील तर बस," ताई म्हणाली.

दाजी मागे, मांडीवर शाल. भिंगरी पुढे, ताईच्या शेजारी. ह्या गाडीत तो त्या जागेवर लहानपणानंतर कधी बसला नव्हता. हातांना काम नाही, पायांना काम नाही. कोपरा आला की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, नुसत्या पत्र्यावर. मागून दाजी म्हणाले, की दोघं चालवताय ते बरंय, पण एकाच दिशेला न्या.

ताई चालवत होती ते बघून मात्र त्याला घाम फुटला. तिच्या पायाची उभी हयात शिलाई मशीनच्या पायट्यावर गेलेली. ॲक्सिलरेटरवर तो पाय एका जागी जो टेकला तो टेकला. तसूभर वर नाही, तसूभर खाली नाही. मागून हॉर्न वाजत होते, सायकलवाले पुढे जात होते, आणि ताई टीप मारत चालली होती. भिंगरीला वाटलं आता दार उघडून पळत सुटावं, आधी पोचेन.

पूल ओलांडून लांब सपाट रस्ता लागला आणि गाडी विसरली.

आवाज गेला. नुसती चाकं घरंगळायचा आवाज. ताईनं शांतपणे गाडी कडेला घेतली, थांबली, किल्ली फिरवली. गाडी चालू.

"बघितलंस?" एवढंच म्हणाली.

दाजींना वेळेत खाटेवर पोचवून दोघं दवाखान्याच्या आवारात आली. भिंगरीनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, आणि सवयीनं नळी ओढून काढून तिच्यात स्क्रू खुपसायला गेला. तिथेच त्याचा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच थांबला असावा.

ह्या नळीतून इंजिन हवा खेचतं. पाय हलका आणि स्थिर असला की खेच जोरदार, आणि त्या खेचेनं डब्यातली चकती थोडी फिरून ठिणगी जरा आधी पाडते. पाय गच्च दाबला की खेच संपते, चकती जागेवर. गाडी उभी असली तरी जागेवर. म्हणजे तो नळी काढून तपासत होता तेव्हा चकती हललीच नव्हती. तो गाडी पळवत होता तेव्हाही हलली नव्हती. ती हलत होती फक्त ताईच्या पायाखाली.

त्यानं नळी पुन्हा डब्याला लावली, तिचं इंजिनाकडचं तोंड काढून आपल्या तोंडात धरलं आणि हवा ओढली. इंजिन मेलं. सोडली, ताईला किल्ली फिरवायला सांगितलं, इंजिन चालू. पुन्हा ओढली, पुन्हा मेलं. आवारातला पहारेकरी कुतूहलानं जवळ आला, की हा माणूस गाडीचं दूध पितोय की काय.

झाकण काढलं तर आत चकतीला जोडलेली बोटभर वायर. वरून नवी कोरी दिसावी अशी. त्यानं ती दोन बोटांत धरून हलके ताणली तेव्हा ती रबरासारखी लांबली. आतली तार तुटलेली, नुसतं आवरण शाबूत. चकती जागेवर असली की तारेची टोकं टेकायची, फिरली की सुटायची आणि ठिणगी बंद. त्यानं हत्यारांच्या पेटीतून मऊ वायर काढली आणि चकतीला फिरायला जागा राहील अशी ढिली जोडली. ताई टॉर्च धरून उभी होती.

"म्हणजे मला चालवता येत होतं," ती म्हणाली.

"इतकी हळू कुणीच चालवत नाही, म्हणून मला..."

"भिंगरी."

"येतं," तो म्हणाला. "येतं तुला. मला ऐकता आलं नाही."

ताईनं टॉर्च बंद केला. सोमवारच्या माणसाचं काय, असं त्यानं डबा बंद करता करता विचारलं. तिनं पदराला हात पुसले आणि सांगितलं, की सोमवारी सकाळी दाजींना ह्याच गाडीतून नेणार. नीट गेली तर त्याला नको म्हणून सांगेन. विसरली, तर घेऊन जाऊ दे.

रविवार भिंगरीनं कसा काढला ते बायकोला विचारा. सोमवारी तो उजाडताच गॅरेजच्या दारात. दवाखान्याचा रस्ता समोरूनच जातो, पण ताई त्याआधीच, अंधारात निघालेली असणार. फोन एका हातात, पाना दुसऱ्यात, आणि पानाही नुसता धरलेला. ती पुलापलीकडे बंद पडली असेल तर अजून फोन कसा नाही. निघालीच नसेल तर. तो रस्त्याच्या मधोमध गेला, हॉर्न खाऊन परत आला.

मग वळणावर एक रांग दिसली. मागे ट्रक, टेम्पो, सगळे हॉर्न मारणारे, आणि सर्वांत पुढे ती चौकोनी गाडी, पुलाकडून परत येणारी. दाजींना सोडून आलेली. आवाज एका सुरात, कुठे टाका सुटलेला नाही.

ताईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. गाडी गॅरेजशी थांबली नाही, हळूही झाली नाही, कारण त्याहून हळू होणं शक्यच नव्हतं. ती त्याच्यासमोरून जायला इतका वेळ लागला, की भिंगरी मागचं चाक दिसेनासं होईपर्यंत तिथेच, एका जागी, उभा राहिला.