स्फटिक तापतो तेव्हा

काल भाचीच्या प्रयोगशाळेत मँगनाइटचा स्फटिक पाहिला. उडदाच्या दाण्याएवढा, काळा, निमूट. तिने मोठं चुंबक जवळ आणलं आणि तापमापकावरचा आकडा चढू लागला.

"तापवलंस कशानं?"

"कशानंच नाही गं मावशी. आतला मँगनीजचा प्रत्येक अणू म्हणजे इवलंसं चुंबकच. एरवी ज्याचं तोंड त्याच्या दिशेला. हे मोठं चुंबक आलं की सगळे एकीकडे वळतात. तेवढ्यानंच तापतो."

"आणि चुंबक काढलं की?"

"पांगतात. मग गार होतो."

आज संध्याकाळी गॅलरीतून पाहिलं, तर सोसायटीच्या आवारात माणसं जमलेली. एरवी कुणी भाजी निवडत असतं, कुणी पार्किंगवरून भांडत असतं. आज एकजण मधे उभा राहून हळू आवाजात बोलत होता. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. बोलता बोलता त्याने बोट वर केलं, आणि एकेक मान तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंच्या खिडकीकडे वळली. तिथला दिवा विझला.

आता पांगतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. कुणी हललं नाही. मग लक्षात आलं, माझीही मान तिकडेच वळलेली होती.