जीपच्या शेडमधला शिपाई

उद्धवरावांनी देहूरोडच्या लिलावात घेतलेली पहिली जीप तळेगावात आली ती बैलांनी ओढत. साल एकावन्न. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या तेव्हा ढिगाने विकायला निघत. लोक त्या घेत, मागे फळ्या ठोकत आणि कांदे नाहीतर माणसं वाहायला लावत. उद्धवरावांना त्यातलं काही करायचं नव्हतं. त्यांना ती जीप लढाईत होती तशी हवी होती. तोच शेवाळी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, बाजूला अडकवलेलं फावडं आणि मागे पेट्रोलचा डबा.

उद्धवराव मूळचे परभणीकडचे. लाकडाच्या ठेक्यात त्यांचं बस्तान बसलं आणि हवा चांगली म्हणून त्यांनी तळेगाव दाभाड्यात बंगला बांधला. तरुणपणी ते फौजेत भरती व्हायला गेले होते, पण डोळ्यांच्या तपासणीत त्यांना रांगेतून बाजूला काढलं. ही गोष्ट ते स्वतःच हसत हसत सांगत. सांगताना मात्र चष्मा काढून पुसत बसत.

जीप चालू करायला त्यांनी बरेच मिस्त्री आणून पाहिले. शेवटी कुणीतरी गेनबाचं नाव सांगितलं. गेनबा कड हा चाकणजवळच्या कडाचीवाडीचा. लढाईत ब्रह्मदेशात त्याने अशीच जीप चालवली होती. परत आला तेव्हा घरची जमीन थोरला भाऊ बबनराव कसत होता आणि तीत दोन संसार भागण्यासारखे नव्हते. गेनबा चाकणच्या एका कांदेवाल्याच्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून लागला. तिथून तो उद्धवरावांकडे आला तो चार दिवसांच्या बोलीवर.

त्याने इंजिन उतरवलं, धुतलं, पुन्हा बसवलं. गाडीने पहिला धूर सोडला आणि ती थरथरत उभी राहिली, तेव्हा उद्धवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "गेनबा, तू आता कुठं जायचं नाहीस. शेडमागं खोली आहे, बायकोला घेऊन ये."

गेनबाला ते बरं वाटलं. तानाबाईला घेऊन तो राहायला आला. त्याच पावसाळ्यात तानाबाई तापाने अंथरुणाला खिळली. उद्धवरावांनी डॉक्टर आणला आणि ताप उतरेपर्यंत स्वतः खोलीबाहेरच्या पायरीवर बसून राहिले. असं कुणी आपल्यासाठी केलेलं गेनबाने आयुष्यात पाहिलं नव्हतं. पुढे जेव्हा जेव्हा "मी जातो" हे शब्द त्याच्या तोंडाशी आले, तेव्हा तेव्हा त्याला ती पायरी दिसायची, आणि तो पुन्हा पाना हातात घ्यायचा.

दुसरी जीप आली. उद्धवराव पुण्याच्या जुन्या बाजारातून फौजी चीजवस्तू आणू लागले. लोखंडी टोप, पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, एक बिनतारी यंत्र, दुर्बिणीच्या रिकाम्या पेट्या. शेडच्या एका भिंतीला त्यांनी फळ्या मारून घेतल्या आणि सगळं ओळीने मांडलं. मग पुण्याहून त्यांचे पाहुणे येऊ लागले. बहुधा रविवारी. आधी ते जीपा बघत, मग टोप हातात घेऊन वजन करत, आणि मग कुणीतरी विचारे, "आणि हा?"

"हा खरा लढाईवरचा माणूस," उद्धवराव म्हणत. "गेनबा, सांग यांना."

पहिल्यांदा गेनबाने सांगितलं ते अगदी थोडं होतं. त्याच्याबरोबर आळंदीकडचा ज्योतीराम नावाचा सोबती होता. डोंगरातल्या रस्त्यावर, धो धो पावसात त्यांची जीप चिखलात रुतली. ज्योतीरामच्या अंगात ताप होता. गाडी निघेना आणि मागून दुसरी गाडी येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीरामने मागच्या सीटवरच प्राण सोडला. गोळी नाही, बॉम्ब नाही.

पाहुणे चुळबुळले. उद्धवरावांनी मध्येच शब्द घेतला. "म्हणजे शत्रू समोरच्या टेकडीवर होता. वरून गोळ्या येत होत्या, आणि हा जखमी सोबत्याला घेऊन गाडी हाकत होता!"

पाहुणे गेल्यावर गेनबा म्हणाला, "मालक, गोळ्या न्हवत्या. तापच हुता."

"अरे, तिकडं गोळ्या होत्याच की कुठं ना कुठं. लोकांना समजेल असं सांगावं लागतं."

पुढच्या खेपेला शत्रू आणखी जवळ आला. त्यापुढच्या खेपेला ज्योतीरामने मरताना तिरंग्याचं नाव घेतलं. दिवाळीला उद्धवरावांनी गेनबासाठी नवा खाकी गणवेश शिवून घेतला आणि जुन्या बाजारात मिळालेली दोन पदकं स्वतःच्या हाताने त्याच्या छातीवर लावली. पदकं कुणाची होती कुणास ठाऊक. गेनबाने स्वतःची कधी मागितलीच नव्हती.

हळूहळू तोच ती हकिकत तोंडपाठ सांगू लागला, कारण तशी सांगितली की लवकर संपायची. खरा त्रास वेगळाच होता. कधी एकटाच स्पार्क प्लग घासत बसला आणि ज्योतीरामचा चेहरा आठवायला गेला, तर मध्ये ती टेकडी यायची. जी टेकडी कधी नव्हतीच.

चौपन्न साली पिंपरीला औषधांची कंपनी उभी राहत होती. तिथे गाड्यांच्या कामाला माणसं हवीत असं स्टेशनवर कळलं. गेनबा गेला, एक गाडी चालवून दाखवली, आणि साहेबांनी त्याला पुढच्या महिन्यात ये म्हणून सांगितलं. परत येताना तो स्टेशनपासून जवळजवळ पळतच आला. तानाबाईने त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

उद्धवरावांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "जा की. तुझं भलं होत असेल तर मी कोण अडवणारा? एवढी तिसरी जीप उभी करून जा. अर्धवट सोडलीस तर तिला दुसरं कोण हात लावणार?"

नुकतीच आणलेली ही तिसरी जीप म्हणजे नुसता सांगाडा होता. गिअरबॉक्स फुटलेला, आणि त्याचा एक भाग मुंबईहून यायचा होता. उद्धवराव म्हणायचे, माणूस पाठवलाय, येईल. महिना उलटला. मग आणखी दिवस गेले. गेनबा पिंपरीला चौकशीला गेला तेव्हा जागा भरून गेली होती. तो भाग मात्र त्यानंतरच्याच आठवड्यात आला. उद्धवरावांनी मुद्दाम थांबवला होता की खरंच उशीर झाला, हे गेनबाने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

तानाबाई तेवढी बोलली. "मालक वाईट न्हाईत. वाईट असते तर बरं झालं असतं. भांडून तरी गेलो असतो."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी, शेडमध्ये पाहुणे असताना, फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. ती ज्योतीरामची बायको, अंबूबाई. आळंदीच्या बाजारात कुणीतरी तिला सांगितलं होतं की तळेगावात एका बंगल्यात दर रविवारी तुझ्या नवऱ्याचं मरण सांगतात.

उद्धवरावांना भरून आलं. त्यांनी तिला पुढे घेतलं, खुर्ची दिली. ती खुर्चीत बसली नाही, जमिनीवर बसली. "गेनबा," उद्धवराव हलक्या आवाजात म्हणाले, "नीट सांग. सगळं सांग."

गेनबा गणवेशात उभा होता. पाहुणे ताटकळले होते. अंबूबाई पदकांकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "त्याला ताप हुता. आमची गाडी रुतली हुती. मी लई खटपट केली, पर निघाली न्हाई. पाऊस थांबत न्हवता. मी त्याला माझी बरसाती घातली. पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी तो जरा शुद्धीवर हुता."

"काय बोलले का?"

"बोलला. म्हणला, घरी शेळी व्यायला झाली असंल. मग तुमचं नाव घेतलं. आन् मग भूक लागली म्हणला. माझ्यापाशी बिस्किट हुतं, ते भिजलेलं. त्यानं खाल्लं."

"खाल्लं?"

"व्हय. समदं खाल्लं."

अंबूबाईने पदर तोंडाला लावला. ती रडली नाही. मग म्हणाली, "उपाशी गेले असतील असं वाटायचं मला. सरकारचा कागद आला, त्यात काय बी न्हवतं."

उद्धवराव पुढे झाले आणि जीपकडे हात करून म्हणाले, "बाई, अशाच गाडीत होते ते. बघा, हात लावून बघा."

अंबूबाईने गेनबाला विचारलं, "हीच गाडी का?"

"न्हाई. ती तिकडंच ऱ्हायली."

"मग कशाला बघू?" ती म्हणाली. पिशवीतून तिने शेंगदाण्याची पुडी काढून गेनबाच्या हातात ठेवली आणि उठली. जाताना फाटकाशी थांबून ती म्हणाली, "दादा, तुमी अशी कापडं घालून हितं का उभे ऱ्हाता?"

गेनबाने पुडी गणवेशाच्या खिशात ठेवली.

पाहुणे त्या दिवशी चहा न घेता गेले. संध्याकाळी उद्धवराव शेडमध्ये आले. "निदान त्या बाईला तरी शूराचं मरण द्यायचं होतंस, गेनबा."

"मालक, मरण त्याचं हुतं. तुमचं न्हवतं, माझं बी न्हवतं."

एवढं कधी तो त्यांच्याशी बोलला नव्हता. आता हाकलतील, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर त्याने तशी आशाच केली. उद्धवराव टोपांच्या फळीपाशी उभे राहिले, एका टोपावरची धूळ त्यांनी बोटाने पुसली. मग वळून गेनबाच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. मी मनात धरत नाही. तू माझा माणूस आहेस."

पुढच्या रविवारी हकिकत उद्धवरावांनीच सांगितली. गेनबाने जीपशेजारी नुसतं उभं राहायचं आणि शेवटी सलाम करायचा. आणि त्याने तो केला. दर रविवारी केला.

तिसरी जीप पूर्ण झाली तेव्हा उद्धवराव म्हणाले, "लांब चालवून आण. तुझ्या गावाकडंच जाऊन ये, भाऊ खूश होईल."

गेनबा निघाला. इंदुरीला इंद्रायणी ओलांडली, तसा वारा अंगाला लागला आणि किती दिवसांनी तो मोकळ्या रस्त्यावर एकटा होता हे त्याच्या ध्यानात आलं. गाडी छान पळत होती. चाकण मागे टाकून कडाचीवाडीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याने मनाशी ठरवलं होतं. बबनरावला म्हणायचं, मला बांधावर एक झोपडं घालू दे. मी मजुरी करीन, कुणाची इंजिनं दुरुस्त करीन. जीप परत पोचवायची आणि त्याच पावली यायचं.

गावात जीप शिरली तशी माणसं जमली. बबनराव शेतातून धावत आला, त्याने भावाला मिठी मारली. कुशाबाई, त्याची भावजय, चहा घेऊन आली. गेनबा बोलायला तोंड उघडणार, तोच बबनराव जमलेल्या लोकांना म्हणाला, "हाच त्यो माझा भाऊ. टेकडीवरनं गोळ्या येत हुत्या आन् ह्यानं गाडी हाकली. सांग की रं गेनू, ह्यास्नी सांग."

कुणीतरी बाजाराला तळेगावला गेलेलं असताना ते ऐकून आलं होतं. गावभर झालं होतं.

"तसं न्हाई दादा," गेनबा म्हणाला. "गोळ्या न्हवत्या. गाडी रुतली हुती."

"आरं, लाजतोस कशाला?" बबनराव हसला. सगळे हसले. "पुढाऱ्यांनी सुदिक इचारलं मला परवा, तुझा भाऊ त्योच का म्हणून. आपल्या घराचं नाव झालं."

गेनबाने चहा घेतला. झोपड्याचं काही बोलला नाही. इथे राहिला असता तर रोजच रविवार झाला असता, एवढं त्याला कळलं. उन्हं उतरायच्या आत तो परत तळेगावच्या रस्त्याला लागला होता.

घरी आल्यावर त्याने तानाबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कुणाला न विचारता ती गावातल्या काचेच्या कारखान्यात गेली. तिथे कंदिलाच्या काचेच्या चिमण्या पेंढ्यात बांधायला बायका लागायच्या. ठकुबाई नावाची ओळखीची बाई तिथेच कामाला होती, तिने शब्द टाकला. पहिल्या पगारावर तानाबाईने स्टेशनजवळ एक खोली ठरवली आणि मगच नवऱ्याला सांगितलं.

"मालकांना काय सांगू?" गेनबा म्हणाला.

"मी सांगते." आणि तिने सांगितलं. "काम करायला ते येतील, ऱ्हायला न्हाई." तिला काय म्हणायचं ते उद्धवरावांनी कधी ठरवून ठेवलं नव्हतं.

गेनबा शेडमध्ये जातच राहिला. गणवेश घालत राहिला, रविवारी उभा राहत राहिला. सत्तावन्न साल उजाडलं तरी त्याची त्यातून सुटका झाली नव्हती. पण संध्याकाळी तो फाटकाबाहेर पडायचा आणि तळ्याच्या कडेने चालत घरी यायचा. नव्या खोलीत राहायला आले होते त्या पहिल्याच संध्याकाळी शेजारचे दत्तोबा, रेल्वेतले, ओट्यावर बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली आणि विचारलं, "काय करता आपण?"

"गाड्या दुरुस्त करतो," गेनबा म्हणाला.

दत्तोबांनी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. आत तानाबाई चूल पेटवत होती, लाकडं ओली होती, धूर बाहेर येत होता. गेनबा ओट्यावर बसला आणि त्याने पायातल्या वहाणा काढल्या.