शेवभाजीतली साखर

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. ही वही कुणाच्या हाती पडलीच, तर वाचताना होणाऱ्या त्रासाची आधीच माफी मागते.

धुळ्याहून सोनगीरकडे जाताना हायवेवर एक हॉटेल होतं. तिथे चार वर्षं मी भाज्या-पोळ्या केल्या. माझी जागा आत, चुलीपाशी. गिऱ्हाईक मला दिसायचं नाही, त्याची तक्रार तेवढी खिडकीतून आत यायची. मुंबईची माणसं एका घासात पाणी मागायची. ट्रकवाले विचारायचे, मिरची संपली का. कुणाला तेल जास्त, कुणाला तर्री कमी. ऐकून घ्यायला मी एकटी.

शेवटी मालकांनी युक्ती काढली. शेवभाजीचा रस्सा दोन पातेल्यांत करायचा. एकात आपला काळा मसाला, दुसऱ्यात टमाटे आणि साखर. वाढप्याने गिऱ्हाईक बघून ओरडायचं, "गावची" नाहीतर "रोडची". त्या हाकेवर मी वाट्या भरायच्या.

एका दुपारी वाढपी ओरडला, "रोडची, आठ." मी आठ वाट्या दिल्या. थोड्या वेळाने एक म्हातारे आबा वाटी घेऊन खिडकीशी आले.

"काय वं माय, हाई शेवभाजी शे का बासुंदी?"

मी पदर पुढे ओढला.

"मी याच गावना शे. नवी सून पुण्यानी. तिले आपली शेवभाजी खावाले आणी, आन ती मनाकडे देखीसन हासस." सुनेला गावची चव दाखवायला आणलं, तर तीच त्यांना हसत होती.

शेवभाजीचे पैसे न देताच ती मंडळी गेली. वाढपी म्हणाला, "मोटार मुंबईची, आबा सोनगीरचे. मला काय स्वप्न पडतं?"

मालक आत आले. "ताई, आठ वाट्या तुमच्या पगारातून जातील."

हाक वाढप्याची, कापला माझा पगार. तरी मी मान हलवली. याचाच राग मला जास्त येतो.

पुढच्या महिन्यात चोपड्याला माझ्या भावाचं लग्न होतं. वहिनीसाठी धुळ्याच्या दुकानात साडी बाजूला ठेवायला सांगितली होती. आता तेवढे पैसे पुरेनात.

आठवड्याने पुन्हा तसंच झालं, वाटी परत आली. मी हात पुसले आणि पहिल्यांदाच बाहेर टेबलाशी जाऊन उभी राहिले. खाली बघतच विचारलं, "आपली देऊ का गोडसर?" त्यानंतर वाढायच्या आधी मीच विचारू लागले. शेवभाजी परत यायची थांबली. मग लोक पोळ्यांवर घसरले.

एकदा गल्ल्यापाशी मालक एकटेच होते. मी म्हटलं, "भाऊ, हाक माझी नव्हती. त्या आठ वाट्यांचे पैसे मला द्या."

"बघू."

"बघू नका, द्या."

माझाच आवाज मला परका वाटला. त्यांनी निम्मे दिले, बाकीचे पुढच्या पगाराला म्हणाले. निम्म्यात साडी येत नव्हती. वहिनीला मी नुसता खण नेला. तिच्या आईने तो उलटून पाहिला आणि आहेराच्या ढिगात खाली सरकवला.

चोपड्याहून परतल्यावरही मालकांनी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा मी पीठ मळायचंच थांबवलं आणि गल्ल्याशी उभी राहिले. त्यांनी उरलेले पैसे माझ्यासमोर मोजून ठेवले. मी पुन्हा मोजले. पूर्ण होते.